वरचे बदाम

"कुणी बघितलं का, काकू?"

दुकानात पाऊल टाकण्याआधी ती हे विचारायची. दाराच्या चौकटीत उभी, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले, मान आधी उजवीकडे, मग डावीकडे. रस्त्यावर असायचं तरी कोण? सायकलच्या मागे पोर बसवून चाललेली एखादी जपानी आई, नाहीतर आमच्याच वसाहतीतला एखादा इंजिनिअर, फोनवर पुण्याच्या आईला 'आमटीत चिंच कधी घालू' विचारणारा. मी गल्ल्यामागून ओरडायचे, "अगं, बदाम घ्यायला आलीस की दरोडा घालायला?" मग ती आत यायची. हात मात्र पाठीमागेच.

तुम्ही पैलवान पाहिले असतील. रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखे चालतात. ही पोरगी पैलवान होती आणि भिंतीच्या कडेने चालायची. वय एकोणीस, वजन पंचावन्न किलो, मान आणि खांदे एकाच लाकडातून काढल्यासारखे, कानाच्या पाळ्या मोडलेल्या. त्या ती केसांखाली लपवायची. गाव कागलच्या पुढे. कुठल्याशा परदेशी स्पर्धेत तिची कुस्ती बघून इथल्या एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी तिला आणलं होतं. फी माफ, वसतिगृहात जागा, दोन वेळचं जेवण आणि त्या बदल्यात क्लबासाठी कुस्ती. कोल्हापूरकडच्या मुली 'येते, जाते' म्हणत नाहीत, 'येतो, जातो' म्हणतात. ती दारातून "आलो काकू" म्हणाली की दुकानातल्या पुणेकर बायका वळून बघायच्या, मुलगा कुठे आहे म्हणून.

आमच्या मंडळात अजून बोललं जातं, की त्या दुकानवालीने पोरीचं वाटोळं केलं. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण माझं तोंड सगळ्यांना ठाऊक आहे. पण गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी राहिले की पुढच्या दोघी बोलता बोलता गप्प होतात, एवढं मला कळतं. म्हणून लिहिते आहे. दोष माझा आहे. किती, ते मात्र मी सांगेन.

मी मूळची मिरजेची. यांच्या सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर आम्ही तोक्योतल्या हिगाशी-कसाईला आलो आणि आठव्या महिन्यात कंत्राट संपलं. दुसरी नोकरी लागेपर्यंत हे घरात बसून अर्ज लिहायचे आणि मी दोन शेगड्यांवर एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे करायचे. डब्यांतून पीठ, पिठातून मसाले, मसाल्यांतून दुकान. तेव्हा विमानं भरभरून आपली इंजिनिअर मंडळी इथे उतरत होती आणि सगळ्यांना हिंग लागत होता. या देशात कुणी भाव करत नाही. किंमत लिहिलेली असते, ती देतात आणि वर वाकून आभार मानतात. मी केला. घरमालकाच्या कचेरीत तीन तास बसून राहिले, शेवटी त्याने मला चहा पाजून दुकानाचं भाडं कमी केलं. योकोहामाचा सिंधी घाऊक व्यापारी माझा फोन आला की आधी पाणी पितो म्हणतात. माझं शास्त्र एकच: प्रत्येक गोष्टीला दोन भाव असतात, पहिला आणि खरा. पहिल्या भावाला देतो तो मूर्ख.

तर ही पोरगी एवढी कशाला घाबरायची, ते सांगते.

आल्यानंतर पहिल्याच महिन्यात वसतिगृहाजवळच्या भाजीवाल्या म्हातारीने तिच्या हातात दोन फळं ठेवली. हिने ती खोलीवर नेली. वरच्या वर्गातल्या मुलीने विचारलं, कुठून आणलीस? दिली कुणी? का दिली? बदल्यात काय मागितलं? शेवटी दोन फळांबद्दल पानभर निवेदन लिहून द्यावं लागलं. हे तिने मला सांगितलं तेव्हा माझा भलताच गोंधळ झाला. त्या केशरी फळाला जपानीत 'काकी' म्हणतात. ती म्हणाली, "दोन काकी खोलीवर आणल्या म्हणून लई बोलणी बसली." मी म्हटलं, "अगं, पाहुण्या आल्या तर एवढं काय बोलायचं? कुणाच्या काकी?" ती हसली. तिला हसताना मी दोन-तीनदाच पाहिलं असेल. तोंडावर हात धरून हसायची आणि मग एकदम दाराकडे बघायची.

वसतिगृहाच्या जिन्यात नियमांचा तक्ता लावलेला होता. त्याची प्रत तिने मला आणून दाखवली आणि यांनी वाचून अर्थ सांगितला. विद्यार्थी खेळाडू हा हौशी खेळाडू. त्याने खेळाच्या नावावर कुणाकडूनही पैसा किंवा वस्तू घ्यायची नाही. घेतली तर सामने बंद, फीची सवलत बंद, खोली त्याच महिन्यात रिकामी. इथवर मला समजलं. शेवटची ओळ यांनी दोनदा वाचली. एकीने नियम मोडला तर सगळ्या क्लबाने त्या हंगामातून माघार घ्यायची.

"एकीने खाल्लं म्हणून बाकीच्यांनी का ओकायचं?" मी विचारलं.

"इथे तसंच असतं," हे म्हणाले.

"माझ्याबिगर बाराजणी हायत काकू," ती म्हणाली. "दोघींचं शेवटचं वरीस. माझ्या हातनं काय झालं तर मी त्यांच्यासमोर जेवायला कशी बसू?"

गावाची भीती वेगळीच. पोरीला तालमीत घातलं म्हणून भावकीने तिच्या वडिलांना दोन वर्षं पंगतीला बोलावलं नव्हतं. ती जपानला निघाली आणि त्याच तालमीच्या भिंतीवर, मारुतीच्या उजव्या हाताला, तिचा फोटो लागला. तिथे त्याआधी कुठल्या बाईमाणसाचा फोटो लागला नव्हता. "मधनंच परत गेलो तर फोटो उतरवतील," ती म्हणायची. "आणि बाबांनाच उतरवायला लावतील."

रविवारी सराव आटपला की ती इचिकावाकडून गाड्या बदलत माझ्याकडे यायची. पाव किलो बदाम, शेंगदाण्याची चटणी आणि तासभर मराठी. चहा घ्यायची, पण सगळ्यांबरोबर केला असेल तरच. तिच्या एकटीसाठी आधण ठेवलं की उठून उभी राहायची. एकदा मी नको नको म्हणेपर्यंत तिने तांदळाची दोन पोती, वीस-वीस किलोची, दोन खांद्यांवर घेतली आणि मागच्या खोलीत नेऊन टाकली. मी कप पुढे केला. ती दोन पावलं मागे सरली.

"आज न्हाई काकू. पोती उचलल्यावर चहा घेतला तर ती मजुरी झाली."

मी कप आपटला. "माझ्या घरच्या चहाला मजुरी म्हणतेस?"

ती भिंतीला टेकली. माझ्या रागापुढे मोठमोठे घाऊक व्यापारी गडबडतात, ही तर पोर. पण हात काही पुढे केला नाही. "पुढच्या रविवारी द्या," ती हळूच म्हणाली. "तवा पोती उचलत न्हाई."

आणि ते बदाम. आपल्याकडे वजन झालं की दुकानदार वर चार दाणे टाकतो. त्यात उपकार नसतो, हात आपोआप जातो. मी भावात एक येन सोडत नाही, पण वरचं टाकल्याशिवाय पिशवी बंद करत नाही. ती मात्र पिशवी उघडायची आणि वरचे बदाम एकेक करून काट्यावर परत ठेवायची.

"अगं, असू दे की."

"लिहून द्यावं लागंल. काय लिहू? बदाम सात, कारण म्हाईत न्हाई?"

मी चिडायचे, ती परत ठेवत राहायची. काट्यावर उरलेले बदाम मी रागारागाने खायचे. त्या वर्षी तिचं वजन होतं तिथेच राहिलं, माझं वाढलं.

शरदात विद्यापीठांच्या स्पर्धा होत्या. तिने बोलावलं म्हणून आम्ही दुकान बंद ठेवून गेलो. दुकान मी तापातसुद्धा बंद ठेवत नाही. क्रीडागृह मोठं, पण आत आवाज म्हणून नाही. इथले लोक टाळ्यासुद्धा सांभाळून वाजवतात. समोरची मुलगी तिच्याहून हातभर उंच. पहिल्या फेरीत हिला काही सुधरेना. मी कठड्याची लोखंडी नळी धरून बसले होते, ती माझ्या घामाने ओली झाली. दुसऱ्या फेरीत हिने एकदम आत शिरून पट काढला, त्या उंच मुलीला उचललं आणि पाठ टेकवली. चितपट.

यापुढचं मी मंडळातल्या लोकांना नेहमी सांगते: ज्याने जत्रेतलं मैदान बघितलंय त्यानेच मला जाब विचारावा. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मी कुस्त्या बघितल्या. जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो आणि कडेची माणसं त्याच्या हातात नोटा ठेवतात. उघड्या, सगळ्यांना दिसतील अशा. झाकून दिलं ते इनाम कसलं? मामा मला खांद्यावरून खाली वाकवायचे आणि माझ्या हाताने नोट द्यायला लावायचे. पैलवानाचा तो ओला, मातीने माखलेला तळहात मला अजून आठवतो.

मी पायऱ्या उतरून खाली गेले. ती आमच्याच बाजूने येत होती. मी पर्समधून दहा हजार येनची नोट काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "घे! इनाम!"

आणि तिने घेतली. नोट कपाळाला लावली, वाकून मॅटच्या कडेला हात लावला आणि नोट धरलेला हात वर केला. तिच्या तालमीतली पोरं करायची तसं. तेवढ्यापुरती ती कागलला होती. हात पाठीमागे नव्हते. तिने उजवीकडे बघितलं नाही, डावीकडे बघितलं नाही.

समोर त्यांच्या क्लबाची व्यवस्था बघणारी विद्यार्थिनी कॅमेरा घेऊन उभी होती. प्रत्येक कुस्तीचा फोटो काढून अहवालाला जोडायचा, हे तिचं काम. तिने ते केलं.

हात खाली आला तेव्हा पोरीला स्वतःच्या बोटांतली नोट दिसली. माणसाच्या तोंडावरचं रक्त उतरतं म्हणजे काय होतं, ते मी तेव्हा बघितलं. आधी ओठ गेले, मग गाल.

"काकू," ती म्हणाली, "बघितलं."

परत येताना गाडीत हे एवढंच बोलले, "निदान पाकिटात तरी घालून द्यायचीस." या देशात पैसे उघडे देत नाहीत, लग्नात नाही की मयतात नाही. मी म्हणाले, "पाकिटात दिली असती तर चोरी दिसली असती. मी उघड दिली." हे खिडकीबाहेर बघत राहिले. 

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे मुख्य प्रशिक्षक दुकानात आले. मुली त्यांना 'कान्तोकु' म्हणायच्या. पन्नाशीचा माणूस, काळा सूट, आणि कान तिच्यासारखेच मोडलेले. एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत दारात उभे राहिले. मग पांढरं पाकीट दोन्ही हातांनी गल्ल्यावर ठेवलं. आत माझी नोट होती. वही उघडली.

"तिने ही मागितली होती का?"

"नाही हो! तिला कल्पनाही नव्हती."

त्यांनी फोटो पुढे सरकवला. "तिने नोट कपाळाला लावली. तुमच्याकडे याचा देवाशी काही संबंध असतो का?"

मला राग आला. आल्यापासून या लोकांनी मला हेच विचारलेलं. कुंकू लावलं, देवासाठी का? मांस खात नाही, देवासाठी का? डाव्या हाताने पैसे घेतले नाहीत, देवासाठी का? मी म्हणाले, "देवाचं काही नाही."

त्यांनी परत विचारलं, "देवळातून आणलेली शुभ वस्तू वगैरे?"

"साधी नोट आहे."

"एखादा धार्मिक विधी?" पेन कागदावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. "तुम्हाला नक्की आठवतं ना?"

"नक्की आठवतं! आम्ही काय उठता-बसता पूजाच करतो? आमच्याकडे पैलवानाला लोक खुराक देतात. दूध, तूप, बदाम. त्याचे पैसे." खुराकाला जपानी शब्द मला येईना. पण अडून बसणारी मी नाही. गल्ल्याखालचा शब्दकोश काढला. पोषण म्हणजे 'एइयो'. खर्च म्हणजे 'हि'. मीच जोड लावली. "एइयो-हि," मी ठासून म्हणाले. "लिहा."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग लिहिलं. मला वाटलं, माझ्या आवाजाला घाबरले. खाली मी ठसठशीत सही केली. जाताना ते इतके खाली वाकले की मला त्यांच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे हातातली बॅग न ठेवताच तांदळाच्या पोत्यावर बसले.

"एइयो-हि? तू हा शब्द लिहून दिलास?"

"मग? चुकला का?"

"अगं, शब्द बरोबर आहे. व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंना लपवून पैसे चारतात ना, त्या पैशाला इथे हेच नाव आहे. सध्या पेपरात रोज येतंय." मग म्हणाले, "आणि देवाचं आहे का म्हणून त्यांनी किती वेळा विचारलं?"

"तीनदा."

"तीनदा?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं: देवाचं म्हटलं असतं तर तो खेळाचा पैसा ठरलाच नसता. तीनदा विचारणारं गिऱ्हाईक म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. ते घ्यायला तयार असतं, आपण फक्त हो म्हणायचं असतं. त्या भल्या माणसाने माझ्या गल्ल्यावर खरा भाव ठेवला होता, तीन वेळा, आणि भाव ओळखण्यावर पोट भरणाऱ्या बाईला तो ओळखता आला नाही. मंडळातले लोक मला नोटेबद्दल दोष देतात. नोटेचं मला काही वाटत नाही. या तीन प्रश्नांबद्दल त्यांना ठाऊकच नाही, आणि मला जे टोचतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी कान्तोकुंना फोन केला. म्हटलं, मला आता आठवलं, ती नोट देवाचीच होती. ते "लिहून झालं आहे," एवढंच म्हणाले. मी पाच वेळा फोन केला. पाचही वेळा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं.

पोरगी रविवारी आली नाही. मी पाव किलो बदाम मोजून ठेवले होते. पुढच्या रविवारीही आली नाही. मग एका दुपारी स्टेशनवरच्या सार्वजनिक फोनवरून तिचा फोन आला.

"काकू, खोलीत कुणी काय म्हणत न्हाईत. शिव्या तरी द्यायच्या. जेवताना मीठ मागायच्या आधी पुढं सरकवतात. मला लई भ्या वाटतंय."

"मी येते तिथे. मी बोलते त्यांच्याशी."

"नगा काकू," ती इतक्या घाईने म्हणाली की मी फोन कानापासून लांब धरला. "तुम्ही आता काय बोलू नगा." मग तिला वाईट वाटलं असावं. "म्हंजे मला भेटायला या. चौकशीच्या दिवशी."

विद्यापीठाच्या त्या इमारतीतला लांब बोळ, एक बाक, आणि बाकावर ती. अंगात काळा कोट. शेवटच्या वर्षाच्या त्या दोघींपैकी एकीने उसना दिलेला. तिच्या खांद्यांना पुरला नव्हता. एका बाजूची शिवण उसवून आतून पिन लावली होती. हात गुडघ्यांवर.

मी सगळी तयारी करून गेले होते. "ऐक. आत गेलीस की सांगायचं, नोट देवाची होती. काकूंचं जपानी कच्चं आहे, त्यांनी भलतंच लिहून दिलं."

"तुमची सही हाय काकू."

"असू दे. मी खोटी पडेन. मला काय फाशी देतात?"

"दुकान हाय तुमचं. व्हिसा हाय." ती जमिनीकडे बघत होती. "आणि ती देवाची न्हवतीच. इनाम होतं." मग म्हणाली, "गावाकडं पोरींच्या कुस्तीला कोण इनाम देतंय? टाळ्या देतात, त्याबी हसत. ते माझं पयलं इनाम."

मी भावाचंच बोलत राहिले. "ते दोन वर्षांची बंदी म्हणतील. आपण घाबरायचं नाही. एक वर्षावर आणू, मग सहा महिन्यांवर. पहिला भाव कानावर घ्यायचाच नाही. मला फक्त आत येऊ दे." ती मान हलवत राहिली. मला वाटलं, समजतंय तिला.

दार उघडलं, तिचं नाव पुकारलं. मीही उठले. दारातल्या माणसाने मला अडवलं नाही, फक्त वाकला. या देशात वाकलेल्या माणसाला ओलांडून जाता येत नाही. ती आत जाताना कोटाच्या आतल्या खिशातून पाकिटाचं पांढरं टोक दिसलं. मला वाटलं, नियमांचा कागद असेल.

नोट दिली मी. आणि मला कुणी आत बोलावलं नाही, एक प्रश्न विचारला नाही. माझा एक शब्द आत गेला होता, कागदावर, आणि तो आत बसून त्या पोरीविरुद्ध साक्ष देत होता. मी बोळात येरझारा घातल्या. बाकावर बसवेना.  कुणी येतंय का म्हणून मी उजवीकडे बघत होते, मग डावीकडे.

कान्तोकु आधी बाहेर आले. डोळे लाल. माझ्यापुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"बाराजणी खेळतील," ते म्हणाले.

"आणि ती?"

चौकशी सुरू होण्याआधीच तिने पाकीट टेबलावर ठेवलं होतं. आदल्या दिवशीची तारीख घातलेलं पत्र. क्लब सोडला, विद्यापीठातली जागा सोडली, क्लबाला आणि कान्तोकुंना काही ठाऊक नव्हतं. शिक्षा करायला क्लबात ती उरलीच नव्हती, मग क्लबाला कशाची शिक्षा? तिच्यासाठी एका वर्षाच्या बंदीवर भागवायचा प्रयत्न ते करणार होते, कान्तोकु म्हणाले. पण क्लबाची माघार त्यांना टाळता आली नसती.

ती बाहेर आली तेव्हा मी त्या शांत बोळात ओरडले. दोन-तीन दारं उघडली. "मूर्ख! माझ्या शेजारी बसून माझा भाव ऐकत होतीस आणि सौदा आधीच करून आलीस? पहिल्याच बोलीला? सगळं देऊन?"

ती उभी होती. 

"बाराजणी सुटल्या न्हवं काकू?" ती म्हणाली. "मग स्वस्तात पडलं की."

मी अजून तिच्यावर रागावलेली आहे. मला विचारायला हवं होतं. मी काहीतरी काढलं असतं. हे म्हणतात, तू काही काढलं नसतंस. मी यांच्याशीही त्या विषयावर बोलत नाही.

विमानाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती दुकानात आली. दारात थांबली. मी वाट बघत होते त्या प्रश्नाची. तिने विचारलाच नाही. हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले. सरळ आत आली.

"पाव किलो, काकू."

कान्तोकुंनी नोट परत आणली होती ते पांढरं पाकीट मी गल्ल्यातून काढून तिच्यापुढे धरलं. आता घ्यायला कुणाची बंदी नव्हती. तिने मान हलवली. "ते मला त्या दिवशीच मिळालं की."

मी बदाम काट्यावर ओतले. पाव किलो झालं. सवयीने माझा हात बरणीत गेला आणि मूठ भरून बाहेर आला आणि तिथेच थांबला. माझी नजर दाराकडे गेली.

"घाला की वर," ती म्हणाली. "मी आता खेळाडू न्हाई. आता कुणी बघितलं तरी चालतंय."

मी एक मूठ टाकली. मग दुसरी. मग मोजलं नाही. तिने पिशवी उघडली, पण परत काही ठेवलं नाही. एक बदाम तोंडात टाकला आणि चावत चावत म्हणाली, "येतो काकू." तालमीतल्या फोटोचं मला विचारायचं होतं. मी बरणीचं झाकण लावत राहिले.

ती बाहेर पडली आणि भिंतीची कड सोडून रस्त्याच्या मधून चालू लागली, एका हातात उघडी पिशवी, दुसऱ्या हाताने बदाम खात. मी दारात आले. आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे.

कुणीच बघत नव्हतं.